नकाशामागची बातमी

शाळेत मला गणित येत नव्हतं, खेळ येत नव्हते, आणि गाणं असं येत होतं की प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मला फक्त अक्षर येत होतं. म्हणजे अक्षर सुंदर होतं; त्या अक्षरात काय लिहिलंय याची जबाबदारी मी कधी घेतली नाही. एवढ्या एका गुणावर मी नववीत असताना सिंदीच्या आमच्या शाळेची वार्ताफलक-प्रमुख झाले, आणि त्याच गुणाच्या जोरावर स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात माझ्या आईला भर शाळेत तोंडघशी पाडलं. आजही घरात चार माणसं जमली की ही गोष्ट निघते. पूर्वी दुसरे सांगत आणि मी चिडत असे. आता मीच सांगते, कारण दुसरे सांगतात तेव्हा त्यात मी अजूनच मूर्ख दिसते.

वार्ताफलक म्हणजे व्हरांड्यातला एक लांबरुंद काळा फळा. त्यावर रोज शाळेच्या बातम्या लिहायच्या. मराठीचे झाडे सर या फळ्याच्या बाबतीत फार हळवे होते. "बातमी गरम पाहिजे," ते म्हणायचे, "कालची बातमी म्हणजे कालची भजी." संमेलनाच्या आठवड्यात तर त्यांनी फर्मानच काढलं, की ज्या दिवशीचा कार्यक्रम त्याच दिवशी, तो संपता संपता बातमी फळ्यावर झळकली पाहिजे. आता संध्याकाळी कार्यक्रम संपायचा, खडूचं कपाट शिपाईमामा चारलाच बंद करायचे, आणि मला लेझीमच्या सरावाला पळायचं असायचं. (लेझीममध्ये मी शेवटच्या रांगेत होते आणि माझ्यामुळेच ती रांग शेवटची होती.) मग मी एक युक्ती काढली. उद्याची बातमी आजच लिहून ठेवायची. संमेलनाच्या बातम्यांत असतं काय? स्पर्धा उत्साहात पार पडतात, पाहुणे मौलिक मार्गदर्शन करतात, आभार कोणीतरी मानतंच. विजेत्यांच्या नावापुरती जागा कोरी सोडायची. आणि हे सगळं लिहून झालं की फळ्यावरच्या खिळ्याला वर्धा जिल्ह्याचा मोठा कापडी नकाशा टांगायचा. कार्यक्रम संपला की जवळ ठेवलेल्या खडूच्या तुकड्याने नावं भरायची आणि नकाशा गुंडाळायचा. बातमी हजर!

सोमवारी धावण्याच्या स्पर्धा झाल्या. शेवटची शर्यत संपून पोरं अजून धापा टाकत होती, तेवढ्यात मी नकाशा गुंडाळला. झाडे सर फळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. "कुंदा, पाय लावून पळणारे पोट्टे मागे राह्यले, तू पुढे निघालीस," असं म्हणाले. माझ्या वडिलांनीही माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. इथेच खरं तर मी थांबायला हवं होतं.

मंगळवारी पाहुणे येणार होते, वर्ध्याचे एक निवृत्त प्राध्यापक, विषय 'वेळेचे महत्त्व'. ते सकाळच्या पॅसेंजरने निघाले, गाडीत त्यांचा डोळा लागला, सिंदी आलं आणि गेलं, आणि जाग आली तेव्हा ते बुटीबोरीला होते. तिकडून परतीची गाडी थेट संध्याकाळची. तोवर वेळेच्या महत्त्वावर झाडे सरच दीड तास बोलले, आणि त्या दीड तासातला मोठा भाग मीही झोपले. टाळ्यांनी जाग आली तशी सवयीने धावत गेले आणि नकाशा गुंडाळला. फळ्यावर ठळक अक्षरात होतं: 'प्रमुख पाहुण्यांनी आपल्या ओघवत्या वाणीने विद्यार्थ्यांना मंत्रमुग्ध केले.'

ते पुसायचं माझ्या लक्षात येण्याआधीच मनोहरभाऊंनी ते उतरवून घेतलं होतं. मनोहरभाऊ म्हणजे आमच्या गावचे पेपर एजंट आणि तेच वार्ताहर. सायकलवरून पेपर टाकायचे आणि येता-जाता बातम्या गोळा करायचे. शाळेची बातमी हवी असली की आत येत नसत. फळ्यासमोर सायकल टेकवून, एक पाय पायडलवर ठेवूनच लिहून घेत, आणि पाकीट पुढच्या गाडीने नागपूरला धाडत. बुधवारी पेपरात बातमी आली. पाहुण्यांची ओघवती वाणी जशीच्या तशी. मी दिवसभर झाडे सरांना चुकवत फिरले. पण कोणी काही बोललं नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कात्रण कापून नोंदवहीत चिकटवलं. दोन शिक्षक एकमेकांना सांगताना मी स्वतः ऐकलं, की भाषण बाकी छान झालं. आणि गुरुवारी खुद्द पाहुण्यांचं पोस्टकार्ड आलं, 'पेपराच्या दोन प्रती पाठवाव्यात.'

आता माझ्या लेकीच्या सोसायटीच्या ग्रुपवर खुर्च्या मांडायच्या आधीच 'कार्यक्रम थाटात संपन्न' असा मेसेज येतो, तेव्हा मला राग येत नाही. मला वाटतं, हे माझंच घराणं आहे.

पण मुख्य गोष्ट आईची आहे.

आमचं किराणा दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि मागे घर. दिवसभर एका कानात मालगाडीची धडधड आणि दुसऱ्या कानात जिनिंगचा भोंगा. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या दारावरून जायच्या आणि अंगणात, तुळशीत, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा कापसाचे पांढरे पुंजके येऊन बसायचे. दुपारी बाबा मागच्या खोलीत झोपत आणि गल्ल्यावर आई बसे. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती आई वाचायची. आर्वीकडचं रोहणा हे तिचं माहेर. तिथे ती सातवीपर्यंत शिकली होती, आणि वाचनाची भूक तशीच राहिली होती. पण रद्दीतला कागद फाटका असायचा. त्यामुळे आईला बातमी नेहमी अर्धीच मिळे. कुठेतरी विहिरीत बिबट्या पडला आहे, गाव जमलं आहे, दोर सोडला आहे, आणि पुढचा कागद पाव किलो तुरीच्या डाळीबरोबर गेलेला. मग आई जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायची, "निंगाला असन का थो बिबट्या?"

एवढी वाचणारी आई शाळेत मात्र पाऊल टाकत नसे. मी पहिलीत असताना ती माझं नाव टाकायला आली होती. डोक्यावर पदर, हातात मी. ऑफिसात कोणीतरी मान वर न करता तिलाच विचारलं, "पालक कुठे आहेत?" आई म्हणाली, "घरी हायेत," आणि मला घेऊन परत फिरली. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. त्यानंतर आठ वर्षं आई शाळेच्या फाटकाच्या आत आली नव्हती.

संमेलनात शुक्रवारी मातांची पाककला स्पर्धा होती. माझ्या आईची सांबारवडी सगळ्या सिंदीत प्रसिद्ध होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाहेरच्या माणसाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो डाळीची वाट पाहत बसतो. खसखस, खोबरं आणि सांबार भरून केलेली ती कुरकुरीत वडी कढीत बुडवून खाल्ली की बाबांसारखा माणूससुद्धा पाच मिनिटं गप्प बसे. मी बुधवारपासून आईच्या मागे लागले.

"मी नाई येत," आई म्हणाली. "तिथं मास्तरणी राह्यतेत. मले काय बोलता येते त्याइच्यासंग?"

"बोलाचं नाई आहे व आई. वडी ठेवाची आहे."

"मंग वडी घेऊन तू जाय."

"मातांची स्पर्धा आहे. मी माता आहे का?"

बाबा ताटावरूनच म्हणाले, "अन् दुपारी दुकानात कोण बसन?"

हे वाक्य बाबांनी बोलायला नको होतं. आई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. पंधरा वर्षं ती रोज दुपारी दुकानात बसली होती म्हणून ते झोपले होते, हे बहुधा तिला त्याच क्षणी आकड्यात नाही पण अंगात जाणवलं असावं. "तुमी बसान," ती म्हणाली. "एक दिवस नाई झोपले तं काई होत नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांबार चार जुड्या आन. कवळा पायजो."

मी गुरुवारी शाळेत गेले ती हवेतूनच. चार वाजायच्या आत फळा लिहायला घेतला. 'माता-पाककला स्पर्धा उत्साहात पार पडली.' मग 'प्रथम क्रमांक', आणि पुढे कोरी जागा. खडू तिथे थांबला. आता ती जागा कोरी ठेवण्यात काय अर्थ होता? वडी मी खाल्लेली होती, निकाल मला माहीत होता. आणि झालं तर काय, नकाशा आहेच. चुकलं तर गुंडाळण्याआधी पुसू. मी माझ्या सर्वात सुंदर अक्षरात लिहिलं: 'सौ. सुमन नारायणराव हिवरकर (सांबारवडी)'. भोवती वेलबुट्टी काढली. वेलीला दोन फुलंही काढली. मग नकाशा टांगला आणि घरी गेले.

शुक्रवारी मी सकाळच्या तासांना दांडी मारली, कारण घरी काम होतं. आदल्या दिवशी धुऊन पंच्यावर पसरलेला सांबार निवडायचा, खसखस भाजायची. घरभर वास दरवळत होता. बाबा दर दहा मिनिटांनी "बिघडली तं नाई ना एखादी?" असं विचारत आत येत होते आणि एखादी बिघडवून घेऊन जात होते. एक वाजता आई निघाली. लग्नातलं जांभळं लुगडं, हातात झाकलेलं स्टीलचं ताट. मागे मी, कढीचा डबा घेऊन. वाटेत आईने दोनदा विचारलं, "काई बोला लागन का?" आणि दोनदा मी म्हटलं, "नाई व."

फाटकापाशी मनोहरभाऊ स्टेशनकडून सायकलवर येत होते. आईला पाहून खाली उतरले, हात जोडले.

"अभिनंदन वैनी! पयला नंबर!"

आई थांबली. "कायचा?"

"वडीचा. आताच तं पाकीट धाडलं गाडीनं. उद्या पेपरात पायजा." आणि मग झाकलेल्या ताटाकडे पाहून त्यांचा चेहरा जरा गोंधळला. "हे... अजून घेऊन चालल्या का?"

मी व्हरांड्याकडे पाहिलं. खिळा होता. नकाशा नव्हता.

नंतर कळलं ते असं. मोठ्या बाईंना सकाळी सुचलं होतं, की प्रत्येक आईने आपल्या पदार्थाची चिठ्ठी आपल्या माहेरच्या गावी टाचायची, 'जिल्ह्याची चव' म्हणून. नकाशा शाळेत एकच. तो शिपाईमामांनी सकाळी दहालाच हॉलमध्ये नेला होता, आणि सगळे शिक्षक तिथल्याच तयारीत होते. तेव्हापासून माझी आई पंधरा-वीस पदार्थांना हरवून, वेलबुट्टीत, फळ्यावर झळकत होती.

फळ्यासमोर पंधरा-वीस बायका आपापली ताटं घेऊन उभ्या होत्या. पुढे टाकभाते काकू. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, आणि त्यांचा डाळीचे गोळे घातलेला गोळाभात आईच्या वडीइतकाच प्रसिद्ध. त्यांनी आईला पाहिलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "सरका वो बायांनो, पयला नंबर येऊन राह्यला." मग आईला, "सुमनबाई, निकाल आदीच लागला म्हन्ते. मंग आमाले काऊन बलावलं, भांडे घासाले?"

बायका हसल्या. झाडे सर आले, फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून सोमवारपासूनच्या सगळ्या गरम बातम्या एकेक करून थंड होताना मला दिसल्या. मागून मोठ्या बाई आल्या. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न उगाच होता. तसं अक्षर साऱ्या शाळेत एकच होतं.

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती वळणार. ताट घेऊन सरळ फाटकाबाहेर, आणि पुन्हा आठ वर्षं, किंवा कायमची. तिच्या पायांची तशी हालचालही झाली. पण ती फळ्याच्या दिशेने गेली. बायका बाजूला झाल्या. आई फळ्यासमोर उभी राहिली आणि रद्दीचा कागद वाचावा तशी ओठ हलवत वाचू लागली. सगळं वाचलं. आपलं नाव आलं तिथे थोडी जास्त थांबली. बातमी पहिल्यांदाच तिला पुरी मिळाली होती, आणि ती खोटी होती.

मग ती मोठ्या बाईंकडे वळली. "बाई, मी हिची पालक हाव," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. "हे माह्या पोरीनं केलं. माही वडी नंबरात धरू नका. पण आनली हाय, तं खाऊन पाहा साऱ्याजनी."

तिने ताट व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. वास पसरला. कोणी हात पुढे करेना. तशी आई टाकभाते काकूंना म्हणाली, "घ्या न वो. तुमीच चव सांगू शकता, बाकीच्याइले काय कळते." काकूंनी नाक मुरडत एक उचलली. मोडली, कढीत बुडवली, खाल्ली. सगळा व्हरांडा त्यांच्या जबड्याकडे पाहत होता.

"सांबार कोणाच्या वाडीतला हाय?" त्यांनी विचारलं, आणि दुसरी उचलली.

त्यानंतर ताट कधी रिकामं झालं ते कळलं नाही. स्पर्धा आत रीतसर झाली, आणि पहिला नंबर टाकभाते काकूंच्या गोळाभाताला आला. तो योग्यच होता; मी खाल्ला, रडत रडत, पण दोनदा घेतला. सगळं आटोपल्यावर आई मला हाताला धरून फळ्यापाशी घेऊन आली. "पूस," ती म्हणाली. मी वेलबुट्टीसकट पुसलं. "आता लिही, मी सांगतो तसं." आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी झालेल्या गोष्टीची बातमी लिहिली. आई सांगत होती, झाडे सर बाजूला उभे राहून एक शब्दही न बदलता ऐकत होते.

'प्रथम क्रमांक, सौ. टाकभाते, गोळाभात. सौ. हिवरकर यांची वडी स्पर्धेत नव्हती. बातमी लिहिणारीने घाई केली.'

मी खडू खाली ठेवला. आई म्हणाली, "थांब. एकही वडी उरली नाई, थेही लिही. थे खरं हाय."

मनोहरभाऊंचं पाकीट मात्र नागपूरला पोचलेलंच होतं. शनिवारी पेपरात आई पहिली आली. बाबांनी ते कात्रण दुकानात काचेखाली लावायला घेतलं, आईने हातातून ओढून घेतलं, आणि ही ओढाताण चालू असतानाच टाकभाते काकू तोच पेपर हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभ्या. बाबा पटकन आत गेले. असल्या वेळी त्यांना झोप यायची. काकूंनी पेपर आपटला. "छापूनच आलं आता," त्या म्हणाल्या, "म्हन्जे माह्या माहेरचे विचारतीन, दुसरा नंबर काऊन आला. शिकवा मले कशी करता थे." आई हसली तशी मी तिला घरात, दुकानात, कुठेच हसताना पाहिलं नव्हतं. त्या हिवाळ्यात दोघींनी मिळून एवढा सांबार चिरला, की आमच्या दुकानातल्या साबणालाही त्याचा वास यायला लागला.

वार्ताफलक माझ्याकडून काढून घेतला गेला. झाडे सरांनी मला लेझीमच्या दुसऱ्या रांगेत घातलं. ती शिक्षा मला होती की रांगेला, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. आणि आई शाळेत येऊ लागली. निकालाला, पालकसभेला, कधी कधी काही कारण नसताना. आली की आधी फळ्यापाशी जाई, पूर्ण वाचे, आणि मगच आत जाई.

तेव्हापासून मी कुठलीही बातमी घेऊन गेले की आईचा एकच प्रश्न असे: "झालं, का होनार हाय?" दहावी पास झाले तेव्हा. नोकरी लागली तेव्हा. लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा, मुलाच्या घरच्यांसमोर. लेक झाली तेव्हा दवाखान्यातून फोन केला, तर मागे बाळाचं रडणं ऐकू येत असताना आईने विचारलं, "झालं, का होनार हाय?"

मी आता वर्ध्याला नालवाडीत राहते, आई सिंदीलाच. थकली आहे. गेल्या महिन्यात तिला छातीचा त्रास झाला, आणि तपासायला वर्ध्याला आणायचं ठरलं. मी गाडी घेऊन येते म्हटलं होतं, सकाळी दहाला. आठ वाजताच तिचा फोन आला. आवाज एकदम ठणठणीत.

"येऊ नको व कुंदे. डाक्टरनं पायलं. काईच नाई म्हने, सारं बरोबर हाय. गोया बी दिल्या नाई."

मी चपला घालत होते. मागून मालगाडी जात असल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती घरातच होती, दुकानाच्या पायरीवर.

"आई," मी म्हटलं, "झालं, का होनार हाय?"

पलीकडे सगळी मालगाडी निघून गेली. मग आई हसली.

"होनार हाय," ती म्हणाली. "ये लवकर."